अभ्यासिकेतल्या जुन्या संगणकांवर कोणता विंडो मॅनेजर टाकावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलूच्या एका अभ्यासिकेत सहा जुने संगणक आहेत: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, १७ इंची चौकोनी मॉनिटर. विंडोज ७ वर ब्राउझरचे अपडेट बंद झालेत आणि अर्ज भरायच्या साइट धड उघडत नाहीत. मुलं तिथे स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतात, पीडीएफ वाचतात, मराठी टाइप करतात, पेनड्राइव्हवर जुन्या प्रश्नपत्रिका नेतात. अभ्यासिका चालवणाऱ्या दादांना लिनक्स टाकायचं आहे. त्यांनी आय-थ्री, ओपनबॉक्स आणि आइसडब्ल्यूएम अशी तीन नावं काढून विचारलंय की यातला सगळ्यात हलका कोणता. (आय-थ्री म्हणजे इथे प्रोसेसर नव्हे, त्याच नावाचा विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम.)

मी नांदेडला दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि शाळा-ग्रंथालयांचे असे संगणक सांभाळतो. आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं मागून येतील. मुलांच्या सहाही संगणकांवर ६४-बिट डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) आणि आइसडब्ल्यूएम टाका. तुमच्या स्वतःच्या टेबलावर आय-थ्री हवं असेल तर खुशाल वापरा, पण ते मुलांसमोर ठेवू नका. आणि दोन्हींच्या आधी रॅम ४ जीबी करा व जुन्या हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा.

"सगळ्यात हलका कोणता" यावर इंटरनेटवर जेवढी भांडणं होतात तेवढा त्यात फरक नाही. डेबियनवर नुसतं एक्स (पडद्यावर खिडक्या दाखवणारी मूळ प्रणाली, एक्स-इलेव्हन) आणि त्यावर आइसडब्ल्यूएम, ओपनबॉक्स किंवा आय-थ्री यांपैकी काहीही सुरू केलं तरी लॉगिननंतर एकूण २०० ते ३०० एमबीच्या आसपास रॅम जाते. या तिघांत आपसात फरक पाच-पंधरा एमबीचा. एक्सएफसीईसारखं पूर्ण डेस्कटॉप (विंडो मॅनेजरसोबत पट्टी, सेटिंग, फाइल मॅनेजर सगळं जोडलेलं) घेतलं तर आकडा साधारण ४५० ते ६०० वर जातो, ग्नोम घेतलं तर एक जीबीच्या घरात किंवा पुढे. म्हणजे पूर्ण डेस्कटॉप सोडून नुसत्या विंडो मॅनेजरवर आलात की जो फायदा व्हायचा तो झाला. नंतर या मॅनेजरपेक्षा तो मॅनेजर आठ एमबीने कमी घेतो म्हणून रात्र जागवण्यात अर्थ नाही, कारण पलीकडे ब्राउझरचा एकच टॅब शंभर-दोनशे एमबी आरामात घेतो. अर्जाचा पोर्टल, जीमेल आणि यूट्यूब हे तीन टॅब उघडले की २ जीबीच्या मशीनचा जीव तिथेच जातो. विंडो मॅनेजर कोणता होता हे तेव्हा कुणाला आठवतही नाही.

मोजायचं असेल तर नीट मोजा. लॉगिन झाल्यावर दोन मिनिटं थांबा, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) "फ्री" ही आज्ञा द्या आणि "अव्हेलेबल" हा शेवटचा रकाना बघा. "फ्री" नावाच्या रकान्याकडे बघून घाबरू नका. रिकामी रॅम लिनक्स फाइलींची साठवण म्हणून वापरतं आणि लागली की सोडून देतं, त्यामुळे तो आकडा नेहमी कमीच दिसतो. मग रोजचे चार-पाच टॅब उघडून पुन्हा बघा. निर्णय या दुसऱ्या आकड्यावर घ्यायचा असतो.

मग विंडो मॅनेजर निवडायचा कशावरून? माझ्या मते तीन गोष्टींवरून: समोर बसणारा कोण आहे, बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, आणि मराठी नीट दिसते-लिहिता येते का. रॅमचा नंबर यानंतर.

समोर बसणारा आधी. अभ्यासिकेत येणारं पोरगं मोबाइलवर वाढलेलं असतं. संगणक त्याने शाळेत किंवा नेट कॅफेत पाहिलेला, तोही विंडोजचा. त्याला खाली डाव्या कोपऱ्यात बटण दिसलं पाहिजे, उघडलेल्या खिडक्या खाली पट्टीवर दिसल्या पाहिजेत आणि उजवीकडे घड्याळ पाहिजे. आइसडब्ल्यूएममध्ये हे सगळं पहिल्या क्षणापासून असतं. टास्कबार, मेनू, घड्याळ, ट्रे आणि प्रोसेसरचा छोटा आलेख, सगळं त्याच एका प्रोग्रॅममध्ये. १९९७ पासून हा प्रकल्प चालू आहे आणि अजूनही नियमित आवृत्त्या येतात. दिसायला जुनाट आहे, विंडोज ९५ ची आठवण येते. थीम बदलून थोडा तोंडवळा सुधारतो. पण अभ्यासिकेत "हे कसं चालू करायचं?" हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मला तेवढं पुरतं.

ओपनबॉक्स चांगला आहे, मी कित्येक वर्षं वापरलाय. पण तो फक्त खिडक्या सांभाळतो. पट्टी नाही, बटण नाही. रिकाम्या पडद्यावर उजवं क्लिक केलं तर मेनू येतो. नवीन माणूस काळा पडदा बघून समजतो की मशीन बंद पडलं. मग तुम्ही वेगळं पॅनल जोडता, वेगळा वॉलपेपर, वेगळा मेनू, आणि शेवटी आइसडब्ल्यूएमने फुकट दिलं असतं तेच पाच तुकड्यांतून शिवता. ओपनबॉक्सची शेवटची आवृत्ती ३.६.१ ही २०१५ ची आहे. म्हणून तो मेला असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. काम पूर्ण झालेला प्रोग्रॅम आहे, डेबियनमध्ये मिळतो, आणि एलएक्सडीई-एलएक्सक्यूटी ही डेस्कटॉपं त्याच्याच जिवावर उभी राहिली. तयार जोडलेला ओपनबॉक्स हवा असेल तर सरळ एलएक्सक्यूटी घ्या. हातानेच जोडायची हौस असेल तर स्वतःच्या मशीनवर करा.

फ्लक्सबॉक्सही त्याच घराण्यातला, ब्लॅकबॉक्सचा वंशज, शेवटची आवृत्ती २०१५ चीच. जेडब्ल्यूएम अगदी लहान आहे, पपी लिनक्समुळे लोकांना माहीत असतो. ५१२ एमबीचं मशीन असेल तर मी तो घेईन. डीडब्ल्यूएमचा विचार तुम्ही करू नका. त्यात सेटिंग बदलायची म्हणजे सी भाषेतली फाइल बदलून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायचा. शिकायला उत्तम, अभ्यासिकेत डोक्याला ताप.

आता आय-थ्री, कारण तुमचा ओढा तिकडे दिसतोय. २००९ साली आलेला हा टायलिंग प्रकारातला विंडो मॅनेजर. खिडक्या एकमेकींवर पडत नाहीत, पडदा वाटून घेतात, सगळं कीबोर्डने. विंडोज-की आणि एंटर दाबलं की टर्मिनल, विंडोज-की आणि डी दाबलं की प्रोग्रॅमचं नाव टाइप करायची पट्टी. डावीकडे अभ्यासक्रमाची पीडीएफ, उजवीकडे नोट्स, हात माउसकडे जायची गरजच नाही. ज्याला सवय झाली तो परत फिरत नाही हे खरं. पहिल्यांदा सुरू करताना तो मॉडिफायर (शॉर्टकटसाठी धरून ठेवायची चावी) म्हणून विंडोज-की घ्यायची की ऑल्ट असं विचारतो. तिथे विंडोज-की घ्या, नाहीतर ब्राउझर आणि लिब्रेऑफिसच्या ऑल्टच्या शॉर्टकटांशी रोज झगडा होईल.

पण मुलांसाठी तो नको, यामागे सवयीपेक्षा मोठं कारण तुमचे मॉनिटर आहेत. १७ इंची चौकोनी मॉनिटर म्हणजे १२८० बाय १०२४. दोन खिडक्या शेजारी आल्या की प्रत्येकीला ६४० पिक्सेल रुंदी. इतक्या रुंदीत बऱ्याच साइट मोबाइलचं रूप घेतात आणि काही सरकारी अर्ज तर सरळ उजवीकडून कापले जातात. "पुढे जा"चं बटण पडद्याबाहेर. मुलगा म्हणतो साइट बंद आहे. १३६६ रुंदीच्या लॅपटॉपवरही हिशोब ६८३ च्याच आसपास येतो. टायलिंगची मजा १९२० च्या पडद्यावर सुरू होते. छोट्या पडद्यावर आय-थ्री वापरायचाच तर त्याची टॅबवाली मांडणी वापरा, म्हणजे प्रत्येक खिडकी पूर्ण रुंदीत राहते.

जाता जाता एक, कारण हिशोबाची कामं करणारे लोक हा प्रश्न घेऊन हमखास येतात. जावावर चालणारे काही प्रोग्रॅम डीडब्ल्यूएम, एक्समोनाड अशा विंडो मॅनेजरवर उघडतात, पण आत नुसता करडा चौकोन दिसतो. प्रोग्रॅम बिघडलेला नसतो. हे मॅनेजर खिडकीला स्वतःची चौकट घालत नाहीत आणि जावाची जुनी खिडकी-प्रणाली त्याने गोंधळते. त्यासाठी जावाचा एक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) लावावा लागतो. आइसडब्ल्यूएम आणि ओपनबॉक्स चौकट घालतात, म्हणून तिथे हा त्रास होत नाही.

मराठीचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इंग्रजीत लिहिणारे सल्लागार याबद्दल बोलतच नाहीत. ब्राउझरच्या आत, लिब्रेऑफिसच्या आत मराठी कशी दिसेल ते त्या-त्या प्रोग्रॅमवर अवलंबून. विंडो मॅनेजरचा तिथे संबंध नाही. पण खिडकीच्या वरची टायटल बार, मेनू आणि टास्कबारवरची नावं विंडो मॅनेजर स्वतः काढतो. त्याने पँगो नावाची लायब्ररी वापरली तर जोडाक्षरं आणि वेलांट्या बरोबर जागी बसतात. नुसतं एक्सएफटी (अक्षरं काढणारी साधी लायब्ररी) वापरलं तर अक्षरं एकापुढे एक टाकली जातात: ऱ्हस्व वेलांटी आधी यायची ती नंतर येते, जोडाक्षर फुटून हलन्त दिसतो. ओपनबॉक्स पँगो वापरतो. आय-थ्रीच्या कॉन्फिग फाइलमध्ये फॉन्टच्या नावाआधी "पँगो" लिहिलं की तिथेही बरोबर दिसतं. डीडब्ल्यूएम आणि फ्लक्सबॉक्स एक्सएफटीवर आहेत, तिथे मराठी फुटते. कोणताही विंडो मॅनेजर पक्का करण्याआधी एक साधी चाचणी घ्या. "हिंगोली विद्यार्थी प्रमाणपत्र" या नावाचं फोल्डर करा, उघडा आणि वर टायटल बारमध्ये वाचा. "हिं" नीट आला, "द्या" आणि "र्थी" जुळले, की पास. आइसडब्ल्यूएमची जी आवृत्ती टाकाल तिच्यावरही हीच चाचणी घ्या. जोडाक्षर फुटलं तरी ते फक्त टायटलपुरतं असेल, मजकुराला काही होत नाही. कामचलाऊ आहे की नाही ते तुम्ही ठरवा. आणि फॉन्ट आधी टाका. डेबियन कमीत कमी पॅकेज घेऊन बसवलं तर त्यात देवनागरी फॉन्ट नसतोच, सगळीकडे चौकोन दिसतात आणि लोक विंडो मॅनेजरला शिव्या घालतात. नोटोचा देवनागरी किंवा लोहित, एक टाकला तरी भागतं.

टाइप करण्याचं तर पूर्ण डेस्कटॉपमध्ये सेटिंगच्या खिडकीत "भाषा जोडा" म्हटलं की होतं. नुसत्या विंडो मॅनेजरवर ती खिडकी नसते, स्वतः सांगावं लागतं. इथे दोन रस्ते. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) येणाऱ्यांसाठी काहीच वेगळं टाकू नका. एक्सच्या स्वतःच्या कीबोर्ड मांडण्यांमध्ये देवनागरी इनस्क्रिप्ट आहे. "सेट-एक्सकेबी-मॅप" या आज्ञेने इंग्रजी आणि भारतीय अशा दोन मांडण्या लावा, ऑल्ट-शिफ्टने अदलाबदल ठेवा, झालं. पाठीमागे कोणताही प्रोग्रॅम चालत नाही, रॅम खर्च नाही. आइसडब्ल्यूएमच्या नव्या आवृत्त्यांत तर मांडण्या प्रेफरन्सेस (सेटिंगच्या) फाइलमध्येच लिहिता येतात आणि टास्कबारवर कोणती चालू आहे त्याची खूण दिसते. लावून झालं की "दुसऱ्या" हा शब्द टाइप करून बघा. शिफ्ट धरून इंग्रजी जे ची चावी दाबली की नुक्त्याचा ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग स्लॅशच्या चावीवर य. ऱ्या बरोबर उमटला म्हणजे मांडणी आणि फॉन्ट दोन्ही ठीक.

दुसरा रस्ता, इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांसाठी किंवा टायपिंगच्या परीक्षेसाठी रेमिंग्टनचा (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचा) सराव करणाऱ्यांसाठी. त्याला आयबस आणि एम-सतरा-एन हे संच लागतात. त्यात मराठीचे फोनेटिक, गमभन, रेमिंग्टन असे पर्याय आहेत. आयबस स्वतः काही डझन एमबी खातो, तेवढं सोसावं लागेल. लोकांचं घोडं अडतं ते असं: आयबस टाकला, चिन्हही दिसतं, पण ब्राउझरमध्ये इंग्रजीच उमटतं. कारण ब्राउझरला आयबसशी बोलायला सांगणारे तीन एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल लागलेले नसतात. पूर्ण डेस्कटॉप ते आपोआप लावतो, इथे कुणी लावत नाही. डेबियनमध्ये "आयएम-कॉन्फिग" चालवून आयबस निवडा, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा, चालू होईल.

विंडो मॅनेजर एकटा घेतला की आणखी काय-काय सुटतं ते सांगून ठेवतो, नाहीतर दुसऱ्याच दिवशी फोन येतो. पहिली तक्रार पेनड्राइव्हची असते. पोरगं पेनड्राइव्ह लावतं, काहीच होत नाही. डेस्कटॉपमध्ये ते उघडून दाखवणारा भाग असतो, इथे नसतो. पीसीमॅन-एफएम हा फाइल मॅनेजर सुरुवातीपासून पाठीमागे चालू ठेवला की पेनड्राइव्ह आपोआप उघडतो. त्याच्याच जोडीला पोलकिटचा एजंट लागतो, एलएक्स-पोलकिट चालेल. हा नसला की अमुक गोष्टीला परवानगी आहे का असं विचारणारी खिडकीच येत नाही. क्लिक केलं तर "परवानगी नाही" किंवा नुसती शांतता. माझ्याकडे "पेनड्राइव्ह चालत नाही", "प्रिंटर जोडता येत नाही" म्हणून येणाऱ्या मशीनांमध्ये बऱ्याचदा गोम इथेच निघते. पुढे नेटवर्कचं चिन्ह, आवाजाचं चिन्ह, सूचना दाखवायला डन्स्ट. हे सगळं आइसडब्ल्यूएममध्ये घरच्या फोल्डरातल्या "डॉट-आइसडब्ल्यूएम"मधल्या "स्टार्टअप" फाइलमध्ये एकाखाली एक लिहायचं, प्रत्येक ओळीच्या शेवटी अँपरसँड (&), म्हणजे एकासाठी दुसरा अडून राहत नाही. त्या फाइलला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका. ती दिली नाही तर आइसडब्ल्यूएम फाइलकडे ढुंकूनही बघत नाही आणि काही चूकही दाखवत नाही.

प्रेफरन्सेस फाइलमध्ये मी अभ्यासिकांसाठी एक बदल नेहमी करतो: वर्कस्पेस (खिडक्यांसाठी असलेले वेगवेगळे पडदे) एकच ठेवतो आणि टास्कबारवरची त्यांची बटणं बंद करतो. मूळ मांडणीत चार असतात. मुलाचा हात कंट्रोल-ऑल्ट-बाणावर पडतो, पडदा रिकामा होतो आणि अर्धा भरलेला अर्ज गेला म्हणून रडारड सुरू होते. अर्ज शेजारच्या वर्कस्पेसवर सुखरूप असतो, पण त्याला कोण सांगणार.

सगळं हे जुळवायचा कंटाळा असेल तर अँटिएक्स हा लिनक्सचा तयार संच बघा. डेबियनवरच बेतलेलं आहे, आइसडब्ल्यूएम आधीच लावून येतं, पेनड्राइव्ह-नेटवर्क वगैरे जोडलेलं असतं. त्याचे मेनू मला फार गजबजलेले वाटतात, अभ्यासिकेत निम्मे काढून टाकावे लागतील. म्हणून मी डेबियनवर हाताने जोडतो: इन्स्टॉल करताना डेस्कटॉपच्या यादीतल्या सगळ्या खुणा काढायच्या, मग फक्त लागेल तेवढंच टाकायचं. पण एकट्याने सहा मशीन लावायची असतील आणि हातात एक रविवार असेल, तर अँटिएक्सवर माझा आक्षेप नाही.

६४-बिटबद्दल, कारण इथे बरेच जण फसतात. रॅम कमी म्हणून लोक ३२-बिट टाकतात. कोअर टू ड्युओ ६४-बिट आहे, आणि ३२-बिटचा रस्ता बंद होत आलाय. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यात ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. क्रोमने लिनक्सवर ३२-बिट २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सनेही आता सोडलं. एखादं जुनं अॅटम एन-२७० चं नेटबुक असेल तर ते ३२-बिटच असतं, त्याला अँटिएक्सची ३२-बिट आवृत्ती घाला आणि त्याच्याकडून फक्त पीडीएफ वाचनाची अपेक्षा ठेवा.

आता पैसे कुठे घालायचे. एसएसडीने जो फरक पडतो तो कोणत्याही विंडो मॅनेजरने पडत नाही. १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी या मशीनना पुरून उरते. रॅमच्या बाबतीत एक खाच आहे. तुमच्या मशीनमध्ये जी-४१ चिपसेटचा बोर्ड आणि डीडीआर-३ असण्याची शक्यता मोठी आहे. हा चिपसेट जास्त घनतेच्या चिप ओळखत नाही. ४ जीबीची पट्टी घ्यायची तर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असलेलीच घ्या. ८ चिपवाली नवी पट्टी घातली तर मशीन चालूच होणार नाही, आणि दुकानदार म्हणेल तुमचा बोर्ड गेला. पट्टी हातात घेऊन चिप मोजा, मगच पैसे द्या. सोपं म्हणजे २ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या.

रॅम वाढवायची सोय लगेच नसेल तर झेडरॅम लावा. त्यात रॅमचाच एक भाग दाबून भरलेल्या साठवणीसारखा वापरला जातो. डेबियनमध्ये "झेडरॅम-टूल्स" टाका, प्रमाण ५० टक्के ठेवा. २ जीबीच्या मशीनवर आणखी दोन-तीन टॅब निघतात. फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन टाका. जाहिराती गेल्या की रॅमही वाचते आणि नेटचा डेटाही. कधी मशीन अडकत चाललं तर पत्त्याच्या जागी "अबाउट अनलोड्स" उघडा, तिथून पडून असलेले टॅब रॅममधून काढता येतात. विंडोच्या सावल्या, पारदर्शकता असले नखरे करणारा कंपोझिटर चालू करू नका. जी-४१ मधलं ग्राफिक्स त्याला पुरत नाही.

आणि मे महिन्यात मशीन अचानक मंद झालं तर आधी सीपीयूचा डबा उघडा. आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या आसपास, पत्र्याची खोली, रस्त्याची धूळ; पंख्यात गठ्ठा बसतो, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. ब्लोअर मारा, थर्मल पेस्ट नवी लावा. विंडो मॅनेजर बदलून इथे काही होणार नाही.

लाइट जाण्याचा हिशोबही आधीच धरा. आइसडब्ल्यूएमसारख्या मांडणीत लाइट आल्यावर मशीन पटकन उभं राहतं हा खरा फायदा आहे. लाइटडीएममध्ये (लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मुलांचं खातं आपोआप लॉगिन होईल असं ठेवा. लिब्रेऑफिस ठरावीक अंतराने आपोआप जतन करतं, ते अंतर मूळचं १० मिनिटं असतं; २ करा. मात्र फायरफॉक्समध्ये "मागचे टॅब परत उघडा" हे चालू ठेवण्याआधी विचार करा. सार्वजनिक मशीनवर एकाचा शिष्यवृत्तीचा लॉगिन दुसऱ्याला उघडा मिळू नये. मी तिथे उलटं करतो: ब्राउझर बंद झाला की इतिहास, कुकीज सगळं साफ. त्यातही लाइट गेली तर बंद होण्याची साफसफाई राहून जाते. म्हणून लाइटडीएमच्या "सेशन-सेटअप-स्क्रिप्ट"मध्ये प्रत्येक लॉगिनला मुलांच्या खात्याचं फोल्डर एका कोऱ्या नमुन्यावरून परत भरून घेतो. वॉलपेपर बदललेला असो, मेनू मोडलेला असो की पासवर्ड साठवलेला असो, पुढच्या लॉगिनला सगळं मूळ पदावर.

वेलँडचं (एक्सच्या जागी येणाऱ्या नव्या प्रणालीचं) विचाराल म्हणून लिहून ठेवतो. एक्स-इलेव्हन १९८७ चं आहे, मोठी डेस्कटॉपं त्याला सोडून वेलँडकडे चालली आहेत. ओपनबॉक्सच्या धर्तीवर वेलँडसाठी लॅब-डब्ल्यूसी आहे. रास्पबेरी पायच्या प्रणालीने ऑक्टोबर २०२४ पासून तोच घेतला. आय-थ्रीवाल्यांसाठी स्वे आहे, त्याची कॉन्फिग फाइल जवळजवळ तीच चालते. नव्या मशीनवर जरूर बघा. तुमच्या ग्राफिक्सवर एक्सच ठेवा. डेबियन १३ ला सुरक्षेचे अपडेट एलटीएस (वाढीव मुदतीची मदत) धरून २०३० पर्यंत आहेत, तोवर या मशीनचे कॅपॅसिटर टिकले तरी पुष्कळ.

या सहांशिवाय एक संगणक विंडोजवर ठेवावा लागेल की काय ते आधी ठरवा. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन किंवा सरकारी कामाचं एखादं विंडोजचंच सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्यांचे ड्रायव्हर लिनक्सवर मिळतीलच असं नाही. विंडोज १० ची मदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे, म्हणून तो संगणक बाकीच्यांपेक्षा नवा असावा. प्रिंटरही त्यालाच जोडा. जुन्या लेझर प्रिंटरपैकी काहींना लिनक्सवर वेगळा प्लगइन लागतो आणि काही तर अजिबात ऐकत नाहीत. तुमच्याकडे कोणता आहे ते मॉडेल नंबरासकट कळवलंत तर सांगता येईल.

सुरुवात एका मशीनपासून करा. त्यावर आइसडब्ल्यूएम, फॉन्ट, कीबोर्ड, पेनड्राइव्ह, ब्राउझर सगळं लावून मुलांना आठवडाभर वापरू द्या, ती कुठे अडतात ते बघून नमुन्याचं फोल्डर दुरुस्त करा. मग क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने त्याच एसएसडीची प्रत बाकी पाचांवर उतरवा आणि प्रत्येक मशीनचं नाव तेवढं बदला, नाहीतर नेटवर्कवर सहाही जण एकाच नावाने हाक मारतील.